सातबाऱ्यावरचे नाव आणि समुद्रावरची सुट्टी

थंडी पडू लागली की दर शनिवारी पहाटे चांदणी चौकातून मोटारींची रांग निघते. पौड, मुळशी करीत ती ताम्हिणी घाट उतरते, माणगावला चहा घेते आणि म्हसळ्यावरून पुढे जाऊन दुपारच्या जेवणाला दिवेआगर, श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वर गाठते. पुणेकराला पावणेदोनशे किलोमीटरच्या आत समुद्र आहे, आणि तिथे उकडीचे मोदक करून वाढणारी माणसे आहेत. मग तो वर्षातून दोनदा तरी तिकडे गेला नाही तरच नवल.

या मोटारींच्या डिकीत पूर्वी सतरंजी, पाण्याचा कॅन आणि पोरांचे बादली-फावडे एवढेच सामान असे. अलीकडे त्यात आणखी एक गाठोडे दिसू लागले आहे. वह्यांचे गठ्ठे, रंगपेट्या, दप्तरे, धुऊन घडी केलेले जुने कपडे. 'नुसती मजा करून यायचे बरे वाटत नाही हो,' असे आमच्या सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. ज्या गावाचा समुद्र आपण उपभोगतो त्या गावाला काहीतरी द्यावे, ही भावना चांगलीच आहे. तिची टिंगल करण्यासाठी हा लेख नाही.

पण श्रीवर्धन तालुक्यातल्या एका शाळेतल्या गुरुजींनी मला त्यांचे कपाट उघडून दाखवले. शाळेत बावीस मुले. एकट्या जानेवारीत शहरांतून तीन गट आले आणि तिघांनीही वह्या दिल्या. प्रत्येक गटाने मुलांना ओळीने उभे करून फोटो काढले. 'मुलांना आता सवय झाली आहे,' गुरुजी म्हणाले, 'गाडी दिसली की रांग लावतात.' शाळेच्या संडासाचे दार मात्र दोन वर्षे मोडलेले होते. त्याविषयी कोणी विचारले नव्हते आणि गुरुजींनी संकोचाने सांगितले नव्हते.

घाटावर गेलेल्या माणसाने खाली कोकणात काहीतरी पाठवायचे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. पेशव्यांचे भट घराणे मूळ श्रीवर्धनचे. तिथली देशमुखी सोडून बाळाजी विश्वनाथ वर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. हरिहरेश्वर हे त्या घराण्याचे दैवत, त्यामुळे सत्ता पुण्यात आली तरी नजर त्या देवळाकडे राहिली. देऊळ ही देण्याची पहिली जागा, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचीही. आजही कोकणातल्या कुठल्याही देवळाच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचाव्यात. गाव सोडून गेलेल्यांची यादी तिथे तयार मिळते.

देण्याचा दुसरा प्रकार धोंडो केशव कर्व्यांचा. त्यांचे मुरुड म्हणजे दापोली तालुक्यातले, हर्णैजवळचे. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे. परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्याला पायी गेलेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवलेला हा मुलगा पुढे मुंबईत शिकला आणि पुण्यात प्राध्यापक झाला. पण गाव त्याच्या मनातून गेले नाही. बाहेर कमावत्या झालेल्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावासाठी काढून ठेवावा म्हणून त्यांनी मुरुड फंड उभारला. रक्कम लहान, पण नेमाने. एकदाच भरघोस देऊन नाव कोरून घेण्यापेक्षा ही गोष्ट वेगळी होती.

आणि मग १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. ज्या गावासाठी फंड जमवला त्याच गावाने बहिष्काराचा ठराव केला. घरच्या माणसांपासूनही त्यांना दूर राहावे लागले. दुसरा कोणी असता तर मुरुडचे नाव टाकून दिले असते आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. कर्व्यांनी तसे केले नाही. हिंगण्याची संस्था झाली, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ झाले, आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून पुन्हा लहान लहान रकमा गोळा करायला सुरुवात केली. गाव आपल्याशी कसे वागले याचा हिशेब देण्याच्या हिशेबात त्यांनी मिसळू दिला नाही. आपल्याला तर खोलीत गरम पाणी वेळेवर आले नाही तरी पुढच्या वर्षी दुसरे गाव दिसू लागते.

मात्र कोकणाला खऱ्या अर्थाने पोसले ते पुण्याच्या प्राध्यापकांनी किंवा पेशव्यांनी नव्हे. ते काम गिरणगावाने केले. परळ-लालबागच्या चाळींतून एकेका गावाची खोली असे, तिला गावकीची खोली म्हणत. दहा बाय बाराच्या जागेत पाळीपाळीने वीस-वीस माणसे झोपत. त्याच खोलीत गावाच्या मंडळाची सभा भरे, वर्गणी जमे, वहीत नोंद होई. त्या वर्गणीतून शाळेचे छप्पर झाले, विहिरीला कठडा झाला, नदीवर साकव झाला. या माणसांच्या पाट्या देवळात फारशा सापडत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे असा घेतला गेलाच नाही. त्याचे वर्णन मुंबईच्या अंगाने पुष्कळ झाले आहे. कोकणात त्याचे स्वरूप अगदी साधे होते. पोस्टमन येत होता, पण मनिऑर्डर येत नव्हती.

१९८६ ते १९८९ अशी तीन वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका बँकशाखेत होतो. तेव्हा गिरणीचा पैसा आटला होता, तरी मुंबईतल्या इतर नोकऱ्यांतून आणि आखातातून रक्कम येतच होती. आमची शाखा ठेवींच्या बाबतीत नेहमी उद्दिष्टाच्या पुढे. वरिष्ठ पाठ थोपटत. पण कर्जाचा तक्ता काढला की मान खाली जाई. गावातून शंभर रुपये ठेव गोळा होई, त्यातला तिसरा हिस्साही गावात कर्ज म्हणून जात नसे. उरलेला पैसा आमच्यामार्फत पुन्हा वर मुंबईला जाई आणि तिथल्या कारखानदाराला कर्जाऊ मिळे. मुलाने पोटाला चिमटा काढून गावी पाठवलेले पैसे असे फिरून मुंबईतच पोचत. कोकणातल्या शाखांत ठेवी उदंड आणि कर्जे तोकडी, ही तक्रार बँकवाल्यांना जुनी आहे.

याला बँकवाल्यांची अनास्था कारणीभूत होतीच, मी ते नाकारत नाही. पण दुसरे कारण आमच्या टेबलावर रोज येऊन पडत असे. त्याचे नाव सातबारा. नारळ-पोफळीच्या वाडीत पंप बसवायचा आहे, कर्ज हवे, म्हणून कोणी आला की आम्ही उतारा मागायचो. उताऱ्यावर जमीन बारा गुंठे आणि नावे सोळा. त्यातले चौघे वारलेले, पाच जण मुंबईला, तीन पुण्याला, एक नागपूरला. जो वाडी शिंपतो, झावळ्या ओढतो, तो सोळातला एक. बाकीच्यांची संमती आणा, आम्ही सांगायचो. तो मान डोलावून जायचा तो परत यायचा नाही.

बाहेर गेलेल्यांचा यात दुष्टपणा असतो असेही नाही. वाडीचे उत्पन्न ते मागत नाहीत. मे महिन्यात आंब्याची पेटी आली की त्यांना पुरते. फक्त 'नाव राहू दे' एवढीच त्यांची इच्छा असते. आपले मूळ अमुक गावचे, तिथे आपली जमीन आहे, हे म्हणता यावे. त्या नावाचे भाडे गावात राहिलेला भरत असतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आली नव्हती. टेबलाच्या या बाजूला बसून सोळा नावांच्या उताऱ्यांवर शेरे मारणाऱ्या माझे स्वतःचे नाव श्रीवर्धन तालुक्यातल्या चौदा गुंठ्यांच्या एका वाडीच्या उताऱ्यावर अकरा नावांत सातवे होते. ते तसेच तीस-पस्तीस वर्षे राहिले.

या काळात किनारा बदलला. एमटीडीसीची निवास-न्याहारी योजना आली आणि घरातल्या खोल्या पाहुण्यांना देता येतात हे लोकांना उमगले. दिवेआगरचे उदाहरण तर चमत्कारासारखे आहे. शके ९८२ चा मराठी ताम्रपट जिथे सापडला असे हे प्राचीन गाव, पण आधुनिक नशीब उघडले ते १७ नोव्हेंबर १९९७ रोजी. पोफळीच्या वाडीत खणताना पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. दर्शनाला गर्दी लोटली. गर्दीला जेवण हवे, मुक्काम हवा. घरोघरी मागच्या पडवीला भिंती घालून खोल्या झाल्या. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडा पडला, दोन रखवालदारांचे प्राण गेले आणि मुखवटा नाहीसा झाला. त्यानंतर गर्दी ओसरली आणि गावाने एकाच खांबावर घर उभे केल्याची किंमत मोजली. हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेल्या मुखवट्याची प्रतिष्ठापना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. पण दरम्यानच्या काळात पाहुण्यांनी देवावाचून नुसत्या समुद्रासाठी यायला सुरुवात केली होती. (समुद्रावर यावे, पण वाळूत मोटार घालू नये. भरतीच्या वेळी ती बाहेर काढायला ज्यांना हाका मारल्या जातात त्यांनी त्या दिवशी दुसरी कामे काढलेली असतात.)

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. पुण्यालाही त्या दिवशी झाडे पडली, त्यामुळे पुष्कळांना ते आठवत असेल. खाली मात्र काही तासांत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ हे उंच, सडपातळ झाड. एक पडले की शेजारच्याला घेऊन पडते. आमच्या वहिनींचा, म्हणजे वाडी सांभाळणाऱ्या चुलतभावाच्या पत्नीचा, फोन अकराव्या दिवशी लागला. भाऊ चार वर्षांपूर्वीच गेलेले. वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'समुद्र घरातून दिसायला लागलाय.' मधली सगळी झाडे गेली होती.

त्या वेळी टाळेबंदी होती, जिल्हा ओलांडायला परवाना लागे. सोसायटीने चौऱ्याऐंशी हजार रुपये जमवले आणि काय पाठवायचे यावर ऑनलाइन सभा तीन तास चालली. शेवटी चादरी, मेणबत्त्या, कपडे आणि शिधा असा टेंपो गेला. मेणबत्त्या उपयोगी पडल्या, कारण कित्येक गावांत महिनाभर वीज नव्हती. चादरींबद्दल वहिनींनी नंतर सांगितले ते असे : 'चादरी घरटी सहा-सहा झाल्या. आम्हाला करवती हव्या होत्या, आणि त्या चालवायला माणसे.' पडलेली झाडे हलवल्याशिवाय नवे रोप लावता येत नाही, आणि ओंडके उचलणारा मजूर त्या महिन्यात दुप्पट पैसे देऊनही मिळत नव्हता. हे आम्ही विचारले असते तर एका फोनवर कळले असते.

सरकारने बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांचा दर जाहीर केला. ऐकायला बरा वाटतो. पण हेक्टर म्हणजे शंभराच्या आसपास गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे. आमच्या चौदा गुंठ्यांना सात हजार. त्या सात हजारांतून दीडएकशे पडलेली झाडे तोडायची, ओढायची, खड्डे घ्यायचे, रोपे आणायची, आणि रोप फळाला येईपर्यंत सहा ते आठ वर्षे थांबायचे. पुढे ओरड झाली तेव्हा झाडामागे मदत देण्याचे ठरले. मात्र दोन्ही वेळा अडचण तीच. उतारा सामाईक, तेव्हा इतर खातेदारांचे संमतीपत्र जोडा. सात हजारांचे अकरा वाटे केले तर प्रत्येकी सहाशे छत्तीस रुपये होतात. माझे सहाशे छत्तीस रुपये मी सोडले आहेत, असे एका कागदावर लिहून मी पाठवले तेव्हा प्रथम मला त्या सातव्या नावाची लाज वाटली.

दिवाळीत आम्ही गेलो. वहिनींच्या खोल्यांत मुंबईचे एक कुटुंब उतरले होते. भले लोक होते, लहान मुलांसाठी खाऊचे पुडे घेऊन आले होते. निघताना गृहस्थांनी बिलावर घासाघीस केली. 'वादळानंतर गर्दी नाही, म्हणजे दर कमी असतील असे वाटले,' म्हणाले. तीनशे रुपये कमी दिले, आणि अंगणातल्या मुलांना पाचशेचा खाऊ वाटला. त्यांना यात काही विसंगत वाटले नाही. मला त्या क्षणी दिसली म्हणून मी लिहितो, पण असे व्यवहार मीही केले असणारच.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. फिलिपिन्स हा हजारो बेटांचा देश जवळजवळ आपल्या चाकरमान्यांसारखाच जगतो. परदेशी गेलेल्यांनी घरी यावे, खर्च करावा म्हणून तिथल्या सरकारने १९७३ मध्येच योजना काढली. घरी परतणाऱ्याला 'बालिकबायान' म्हणतात आणि त्याने आणलेल्या भल्यामोठ्या खोक्यालाही तेच नाव पडले आहे. साबणापासून बुटांपर्यंत सगळे त्यात असते. वाळूसाठी जगभर गाजलेले बोराकाय बेट पाहुण्यांच्या घाणीने इतके बिघडले की २०१८ मध्ये ते सहा महिने बंद ठेवावे लागले. प्रेमाने येणाऱ्यांच्या गर्दीनेही किनारा मरतो, हे त्यांनी आपल्या आधी पाहिले. आणि २००३ मध्ये त्यांनी कायदा करून परदेशाचे नागरिक झालेल्या मूळ रहिवाशांना दुहेरी नागरिकत्वाची वाट खुली केली, म्हणजे मायदेशी जमीन घेण्याचा हक्कही पुन्हा मिळू लागला. गाव सोडलेल्याचा जीव जमिनीत अडकतो, तो तिथेही.

आपल्याकडे वेगळे काही घडलेलेच नाही असे नाही. हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून जंगलजेटीने खाडी ओलांडली की वेश्वी लागते आणि तिथून वेळास जवळ आहे. नाना फडणविसांचे हे गाव. इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री मिळून संपवत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा पाहायला लोक येऊ लागले. मी गेलो तेव्हा पहाटे दोरीमागे शे-दीडशे माणसे गप्प उभी होती. टोपली उचलली, चार पिल्ले निघाली, लाटेपर्यंत पोचायला त्यांना वीस मिनिटे लागली. मग सगळे आपापल्या मुक्कामी पोहे खायला गेले. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी ताटाचा दर आधीच सांगितला होता आणि गावात तो सगळीकडे सारखा होता. वह्या कोणी आणल्या नव्हत्या. आणल्या असत्या तर घेतल्या असत्या, पण गावाचे त्यावाचून अडले नव्हते. काय राखायचे, पाहुण्याने कुठे उभे राहायचे आणि किती मोजायचे हे गावाने ठरवलेले होते, आणि आम्ही ते बिनतक्रार पाळले.

वेळासहून परतताना मी वहिनींकडे थांबलो. त्यांच्या धाकट्या मुलाला मागच्या अंगाला दोन खोल्या बांधायच्या आहेत. नवी पोफळ अजून म्हणावी तशी धरलेली नाही, तोवर पाहुण्यांवर भागवायचे. त्यासाठी कर्ज हवे. बँकेने उतारा मागितला. आजच्या त्या साहेबांनी अगदी माझेच वाक्य त्याला ऐकवले, मुलाने ते मला जसेच्या तसे सांगितले आणि पूर्वी मीही हेच बोलत असे हे त्याला ठाऊक नव्हते.

हक्कसोडपत्र करायला मी श्रीवर्धनला गेलो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यंत्रावर अंगठा ठेवला, कॅमेऱ्यात पाहिले, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. तासाभराचे काम. इतकी वर्षे मी त्या गावी सुट्टीला जात होतो, आणि ती कचेरी बाजाराच्या वाटेवर होती. बाहेर आल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले हेही खोटे कशाला सांगू? वाडिलोपार्जित जमिनीवरचे नाव जाताना माणसाला आपले आजोबा दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटते. वहिनींनी जेवायला आंबोळ्या केल्या होत्या. कागदाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना त्यांनी खोलीचे बिल पुढे केले, नेहमीच्या दराने, आणि मला ते फार बरे वाटले.

अकरापैकी सात सह्या झाल्या आहेत. दोघे बोरिवलीला असतात, ते दिवाळीत बघू म्हणाले. एक नाशिकची चुलतबहीण, तिला वकिलाला विचारायचे आहे. आणि माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो. तो जानेवारीत मुलांना समुद्र दाखवायला आणणार आहे. त्याच्या मुलांनी तिथे वाढदिवसाच्या पैशांतून गावच्या शाळेसाठी वह्या आणि पेन्सिली जमवल्या आहेत, त्यांचा फोटोही त्याने पाठवला. वहिनींनी मला फोनवर तो निरोप कसा लिहायचा ते विचारले, आणि मग स्वतःच सांगितला तो मी तसाच पुढे पाठवला : 'वह्या आण. येताना पॅन कार्डही आण, आणि एक दिवस कचेरी उघडी असेल असा ठेव.'